छोटी गाडी पेट्रोलची की डिझेलची? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

गाडीच्या इंधनाविषयी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे या वेळी निवडली आहेत. चारही पत्रलेखक गोव्यातच राहतात, परंतु प्रत्येकाची गाडी वेगळ्या रीतीने चालणार असल्यामुळे उत्तरेही वेगळी आहेत. पत्रे थोडी संक्षिप्त करून दिली आहेत.

प्रश्न : मी फोंड्यातील एका विद्यालयात शिक्षिका आहे. विद्यालय घरापासून सहा किलोमीटरवर आहे. येता-जाता बाजार, मुलाची शिकवणी आणि अधूनमधून देवदर्शन धरून महिन्याला सातशे किलोमीटरच्या आसपास गाडी चालेल. महिन्या-दोन महिन्यांनी चोर्ला घाटाने बेळगावला माहेरी जाणे होते. माझे मोठे दीर सांगतात की गाडी घ्यायची तर डिझेलचीच घ्यावी; त्यांच्या २०११ सालच्या डिझेल गाडीने त्यांना आजवर उत्तम ॲव्हरेज दिले आहे. आम्ही कर्ज काढून नवी गाडी घेणार आहोत. काय करावे?
(एक वाचक, फोंडा)

उत्तर : आपण पेट्रोलचीच गाडी घ्यावी. आपल्या दिरांचा अनुभव खरा आहे आणि त्यांनी गाडी घेतली त्या काळी तो निर्णयही बरोबर होता, म्हणूनच त्यांचे म्हणणे बाजूला का ठेवायचे हे नीट सांगणे आवश्यक वाटते.

केंद्र सरकारने जून २०१० मध्ये पेट्रोलचे दर नियंत्रणमुक्त केले, डिझेलचे मात्र ऑक्टोबर २०१४ पर्यंत सरकारच ठरवत होते. मधल्या चार वर्षांत पेट्रोल महागत गेले आणि डिझेल अनुदानाच्या आधाराने स्वस्त राहिले, त्यामुळे देशभर छोट्या डिझेल गाड्यांना मोठी मागणी आली. गोव्यात त्याही वेळी परिस्थिती थोडी निराळी होती. २०१२ साली मनोहर पर्रीकर यांच्या सरकारने पेट्रोलवरील व्हॅट जवळजवळ काढून टाकला आणि पेट्रोल लिटरमागे सुमारे अकरा रुपयांनी उतरले, म्हणजे पुण्या-मुंबईकडचे नातेवाईक डिझेलचे जे गणित मांडत ते आपल्याकडे तेवढे लागू पडत नव्हते. पुढे हा कर पुन्हा टप्प्याटप्प्याने वाढला. आज गोव्यात पेट्रोल आणि डिझेल यांच्या दरांत लिटरमागे साधारण आठ-नऊ रुपयांचाच फरक उरला आहे.

आता हिशेब पाहू. पेट्रोल ९६ रुपये आणि डिझेल ८८ रुपये लिटर धरले, आणि गावातल्या वापरात पेट्रोल गाडी लिटरला १६ किलोमीटर व तेवढीच डिझेल गाडी २० किलोमीटर जाते असे मानले, तर किलोमीटरमागे खर्च अनुक्रमे ६ रुपये आणि ४ रुपये ४० पैसे येतो. वाचतात १ रुपया ६० पैसे. डिझेल गाडीची किंमत मात्र त्याच दर्जाच्या पेट्रोल गाडीपेक्षा साधारणपणे दीड लाखाने अधिक असते. हे दीड लाख इंधनातून भरून येण्यास सुमारे ९४ हजार किलोमीटर गाडी चालवावी लागेल. वर्षाला ८,४०० किलोमीटर धरले तर अकरा वर्षांहून अधिक काळ. आपण कर्ज काढणार आहात. नऊ टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी घेतलेल्या दीड लाखावर सुमारे ३७ हजार रुपये व्याज जाते, आणि ते मिळवल्यास हा काळ जवळजवळ चौदा वर्षांवर पोहोचतो. खाजगी गाडीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते, हे येथे लक्षात घ्यावे. गोव्यात रस्ता-कर गाडीच्या किमतीवर टक्केवारीने आकारला जात असल्यामुळे महाग गाडीचा करही अधिक पडतो, तो मी या हिशेबात धरलेला नाही.

तरीही मी केवळ पैशांसाठी नकार देत नाही. खरे कारण आपल्या सहा किलोमीटरच्या फेऱ्यांत आहे, आणि गाडी विकणारे याबद्दल सहसा पुरेसे बोलत नाहीत याची मला खंत वाटते.

१ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ हे प्रदूषण-मानक लागू झाले. ते पाळण्यासाठी डिझेल गाड्यांच्या धूरमार्गात काजळी अडवणारा एक फिल्टर बसवावा लागला. गॅरेजमध्ये त्याला डीपीएफ म्हणतात. चुलीच्या धुराड्यात काजळी साचते तशी ती या फिल्टरच्या सूक्ष्म छिद्रांत साचत जाते, आणि ठरावीक प्रमाणात साचली की इंजिनाचा संगणक थोडे जादा डिझेल आत सोडून धुराचे तापमान सहाशे अंशांच्या आसपास नेतो व काजळी जाळून टाकतो. या शुद्धीकरणाला बऱ्यापैकी वेगाने सलग पंधरा-वीस मिनिटे गाडी चालावी लागते. डिझेल इंजिन मुळातच सावकाश तापते. घरापासून सहा किलोमीटरवर, तेही वरच्या बाजारातल्या गर्दीतून वाट काढत, आपण विद्यालयाच्या फाटकाशी पोहोचाल तेव्हा इंजिन नुकते कोठे तापलेले असेल, आणि शुद्धीकरण सुरू झालेच असेल तर किल्ली फिरवताच ते अर्धवट थांबेल. असे वारंवार घडले की न जळलेले डिझेल सिलिंडरच्या भिंतींवरून ओघळून इंजिन ऑइलमध्ये मिसळते आणि ऑइल पातळ होते, डॅशबोर्डवर दिवा लागतो, पुढे गाडी आपली शक्ती आपणच मर्यादित करून घेते, आणि शेवटी फिल्टर काढून साफ करण्याची किंवा बदलण्याची वेळ येते. तो खर्च हजारांत, क्वचित लाखाच्या घरातही जातो. आपल्या दिरांच्या २०११ सालच्या गाडीत बहुधा हा फिल्टरच नाही, म्हणून छोट्या फेऱ्यांचा त्रास त्यांना कधी जाणवला नसावा.

यावर कोणी सुचवील की रविवारी म्हार्दोळ, बाणस्तारीमार्गे पणजीपर्यंत एक फेरी मारली की फिल्टर साफ होईल. होईल, हे खरे आहे. परंतु केवळ गाडीच्या पोटासाठी दर आठवड्याला साठ किलोमीटर फिरण्याचे बंधन आपण का पत्करावे, हे मला पटत नाही.

राहिला चोर्ला घाट. येथे डिझेलची बाजू वरचढ आहे, हे मान्य केले पाहिजे. छोट्या गाडीतील साधे १.२ लिटरचे पेट्रोल इंजिन ११३-११५ न्यूटन-मीटरच्या आसपास टॉर्क, म्हणजे चाके फिरवणारा जोर देते. दीड लिटरचे डिझेल इंजिन २०० न्यूटन-मीटर किंवा त्याहून अधिक, आणि तेही इंजिनाच्या कमी फेऱ्यांवर (आरपीएमवर) देते. शिवाय घाटमाथा समुद्रसपाटीपासून सुमारे आठशे मीटर उंच असल्यामुळे वर हवा थोडी विरळ होते आणि टर्बो, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा, नसलेल्या इंजिनाची ताकद जराशी घटते. माणसे, सामान आणि एसी यांसह पेट्रोल गाडी चढावर दुसऱ्या गिअरमध्ये मोठा आवाज करीत चढेल. त्या आवाजाने घाबरून वरचा गिअर टाकू नये. पेट्रोल इंजिनाला साडेतीन-चार हजार फेऱ्यांवर चालण्याने अपाय होत नाही, उलट कमी फेऱ्यांवर ओढत नेण्याने होतो.

घाटाची काळजी वाटत असेल तर एक लिटरच्या टर्बो-पेट्रोल इंजिनाच्या गाड्या अवश्य पाहाव्यात. मारुतीच्या फ्राँक्समधील असे इंजिन सुमारे १४८, तर ह्युंदाई व्हेन्यूमधील १७२ न्यूटन-मीटर जोर देते. ॲक्सिलरेटर जोराने दाबण्याची सवय असेल तर या इंजिनांचे ॲव्हरेज लवकर घसरते, एवढे ध्यानात ठेवावे. कोणतीही गाडी ठरवण्यापूर्वी चाचणीसाठी शोरूमच्या आसपासच्या सपाट रस्त्यावर समाधान मानू नका; घरची चार माणसे बसवून, एसी चालू ठेवून ती फर्मागुडीची चढण चढवून पाहा. अर्ध्या चढणीवर गाडी थांबवून पुन्हा चालू करा. आपल्याला हवे ते उत्तर तेथे मिळेल.

प्रश्न : मी काणकोणला राहतो व वेर्णा औद्योगिक वसाहतीत नोकरी करतो. जाऊन-येऊन दिवसाला शंभर किलोमीटर होतात, महिन्याचे चोवीस दिवस. कर्ज काढायचे नाही. गाडी आठ-दहा वर्षे ठेवायची आहे. डिझेल गाड्या लवकरच बंद होणार असे ऐकतो, म्हणून मन कचरते. शिवाय छोटी डिझेल गाडी बाजारात आहे तरी का?
(एक वाचक, काणकोण)

उत्तर : डिझेल इंजिन ज्या वापरासाठी योग्य आहे, तो नेमका आपला वापर आहे. रोज सकाळी करमळ घाट ओलांडून महामार्गाने पन्नास किलोमीटर सलग जाणाऱ्या गाडीत काजळीचा फिल्टर वाटेतच स्वतःला साफ करून घेतो, इंजिन पूर्ण तापते आणि ऑइल चांगले राहते. त्यामुळे फोंड्याच्या भगिनींना सांगितलेली मुख्य अडचण आपल्याला येणार नाही.

पैशांच्या बाबतीत मात्र एक सावधगिरी हवी. लांब पल्ल्यात डिझेलचा फायदा किलोमीटरमागे वाढतो अशी समजूत आहे, प्रत्यक्षात तो घटतो, कारण मोकळ्या रस्त्यावर पेट्रोल गाडीचेही ॲव्हरेज सुधारते. पेट्रोलला १९ आणि डिझेलला २३ किलोमीटर धरले, तर किलोमीटरमागे साधारण १ रुपया २२ पैसेच वाचतात. दीड लाख भरून येण्यास सुमारे १ लाख २३ हजार किलोमीटर लागतील. आपण वर्षाला २८,८०० किलोमीटर चालवणार, म्हणजे सव्वाचार वर्षे. डिझेलच्या सर्व्हिसिंगचा थोडा अधिक खर्च मिळवून पाच म्हणा. त्यानंतरची वर्षे फायद्याची. गाडी आठ-दहा वर्षे ठेवण्याचा आपला विचार पक्का असेल तरच हे गणित जुळते. पाच वर्षांत गाडी बदलण्याचा संभव असेल तर पेट्रोलमध्ये नुकसान नाही.

निवड अरुंद आहे, हे खरे. मारुतीने बीएस-६ लागू होतानाच, एप्रिल २०२० मध्ये, डिझेल इंजिने बंद केली, आणि ह्युंदाईनेही २०२३ साली आय-२० मधील डिझेल काढून घेतले. छोट्या इंजिनावर हा फिल्टर आणि त्याच्याशी निगडित यंत्रणा बसवली की गाडीच्या किमतीच्या मानाने खर्च फार वाढतो, हे त्यामागचे कारण आहे. आज हॅचबॅक प्रकारात टाटा अल्ट्रोज ही एकच गाडी डिझेलमध्ये उरली आहे. थोडी उंच गाडी चालत असेल तर चार मीटरच्या आतील टाटा नेक्सॉन, ह्युंदाई व्हेन्यू, किया सोनेट आणि महिंद्राची थ्री-एक्सओ या गाड्या डिझेलमध्ये मिळतात. एक दिलासा असा की २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतील १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल आणि १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाड्यांना सारखाच १८ टक्के जीएसटी आहे. पूर्वी उपकरासह हा कर पेट्रोलला २९ आणि डिझेलला ३१ टक्के पडत असे.

बंदीच्या बातम्यांविषयी : दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांविषयीचे निर्बंध दिल्ली आणि तिच्या परिसरासाठी निघाले, गोव्यासाठी नव्हे. २०२३ साली केंद्रीय पेट्रोलियम मंत्रालयाच्या एका समितीने दहा लाखांहून अधिक वस्तीच्या शहरांत २०२७ पर्यंत डिझेल चारचाकी बंद कराव्यात असे सुचवले होते. ती शिफारस होती, कायदा नव्हे. आणि २०११ च्या जनगणनेत संपूर्ण गोव्याचीच लोकसंख्या साडेचौदा लाख होती, तेव्हा त्या वर्णनात बसणारे शहर आपल्याकडे नाही. आठ-दहा वर्षांनी गाडी विकताना गिऱ्हाईक किती मिळेल हा प्रश्न उरतो, म्हणून विक्रीच्या किमतीवर फार भिस्त ठेवू नये. इंजिन ऑइल मात्र मालकाच्या पुस्तिकेत दिलेल्या दर्जाचेच घालावे. या फिल्टरच्या गाड्यांना कमी राख सोडणारे विशिष्ट ऑइल लागते. कोणी स्वस्तातले दुसरे सुचवले तर नम्रपणे नकार द्यावा, कारण ऑइलच्या राखेने भरलेला फिल्टर महामार्गावर कितीही धावलात तरी साफ होत नाही.

प्रश्न : सावंतवाडीचे एक परिचित त्यांची २०१५ सालची, एमएच-०७ क्रमांकाची छोटी डिझेल गाडी विकत आहेत. नव्वद हजार किलोमीटर झाली आहे, किंमत बरीच कमी सांगतात. माझे घर म्हापशात व दुकान कळंगुटला आहे. घ्यावी का?
(एक वाचक, म्हापसा)

उत्तर : आधी चांगली बाजू. २०१५ सालची गाडी बीएस-४ काळातील आहे, आणि त्या वेळच्या बहुतेक छोट्या डिझेल गाड्यांत काजळीचा फिल्टर नव्हता. त्यात फियाटच्या मूळ आराखड्याचे १२४८ सीसीचे इंजिन असेल, जे मारुती आणि टाटा दोघांनीही वापरले, तर ते टिकाऊ आहे, त्याची टायमिंग चेन योग्य ऑइलवर दीर्घकाळ चालते आणि ते ओळखणारे मेस्त्री म्हापशात सहज सापडतील.

तरीही दहा वर्षांच्या डिझेल गाडीत इंजेक्टर, टर्बो, उच्च दाबाचा पंप आणि क्लच हे चार भाग महाग असतात, आणि त्यांपैकी एक जरी बिघडला तरी स्वस्त सौद्यातला फायदा निघून जातो. गाडी पाहायला सकाळी जा आणि आपण येण्यापूर्वी ती चालू करू नये असे आधीच कळवा. पोहोचल्यावर बॉनेटवर हात ठेवून इंजिन थंड असल्याची खात्री करा. थंड इंजिन पटकन चालू झाले पाहिजे. धूर निळसर असेल तर ऑइल जळते आहे, पांढरा धूर थांबत नसेल तर इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशन यांविषयी शंका घ्यावी, आणि ॲक्सिलरेटर दाबताच काळ्या धुराचा लोट निघत असेल तर इंजेक्टर, टर्बो किंवा हवेचा मार्ग तपासावा लागेल. इंजिन चालू असताना ऑइल भरण्याचे झाकण उघडून आतून जोराचे फुंकर येतात का हेही पाहा. येत असतील तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत. आमच्या किनाऱ्यावर याहूनही महत्त्वाचे आहे ते गाडीखाली पाहणे. खाऱ्या हवेने आणि चार महिन्यांच्या पावसाने पत्रा, सायलेन्सर आणि ब्रेकच्या नळ्या गंजतात, आणि वरून चकचकीत दिसणाऱ्या गाडीचे खालचे पत्रे हाताने टोकरताच सुटतात असे अनेकदा आढळते. गाडी रॅम्पवर चढवल्याशिवाय इसार देऊ नका.

कागदपत्रांचे काम लहान नाही. सिंधुदुर्गच्या आरटीओकडून ना-हरकत प्रमाणपत्र घ्यावे लागेल, गाडीवर कर्ज असल्यास त्याची नोंद रद्द करून घ्यावी लागेल, आणि दुसऱ्या राज्यातील गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ येथे ठेवायची असल्याने गोव्यात नव्याने नोंदणी करून रस्ता-करही भरावा लागेल. हा कर सौद्यापूर्वीच विचारून घ्या. २०१५ ची नोंदणी २०३० मध्ये संपते. पुढे तपासणी होऊन पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण होते.

आपली फेरी म्हापसा ते कळंगुट अशी थोडक्या किलोमीटरची आणि हंगामात गर्दीची आहे. अशा वापरात जुन्या डिझेलच्या हवेच्या मार्गात काजळी साचून ईजीआर व्हॉल्व, म्हणजे थोडा धूर पुन्हा इंजिनात सोडणारी झडप, अडकतो. तेवढ्याच पैशांत, गोव्यातच नोंदलेली चांगली पेट्रोल गाडी मिळत असेल तर मी तीच घेईन.

प्रश्न : वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमुळे ॲव्हरेज घटते, मग आता डिझेलच बरे नाही का?
(एक वाचक, डिचोली)

उत्तर : इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या मानाने लिटरमागे सुमारे एक-तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे निव्वळ पेट्रोलशी तुलना केल्यास वीस टक्के मिश्रणात, म्हणजे ई-२० मध्ये, सहा-सात टक्के ऊर्जा कमी पडते. पूर्वीच्या दहा टक्के मिश्रणाशी तुलना केल्यास फरक त्याच्या निम्मा. वर पेट्रोलसाठी धरलेले १६ किलोमीटर हे आजच्या मिश्रणावरचेच आहेत. तरीही समजा आणखी सहा टक्के घट आली, तर डिझेलचा फायदा किलोमीटरमागे १ रुपया ६० पैशांवरून जवळजवळ २ रुपयांवर जाईल आणि दीड लाख भरून येण्यास ९४ हजारांऐवजी सुमारे ७६ हजार किलोमीटर पुरतील. वर्षाला आठ-दहा हजार किलोमीटर चालवणाऱ्यासाठी एवढ्याने निर्णय बदलत नाही.

एप्रिल २०२३ नंतरच्या पेट्रोल गाड्या या मिश्रणाला साजेशा भागांनिशी बनवलेल्या आहेत. आपण वापरलेली जुनी गाडी घेणार असाल तर इंधनाच्या रबरी नळ्या आणि सील तपासून घ्यावेत. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते, म्हणून आपल्या पावसाळ्यात गाडी अनेक आठवडे उभी राहणार असेल तर टाकी अर्धी-रिकामी ठेवू नये. भरलेल्या टाकीत दमट हवेला जागाच कमी मिळते.